मला याच माणसाचं लेकरू हवं आहे : विदर्भातल्या वंध्यत्वतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर इथे वंध्यत्वावर उपचार करणारे सर्व डॉक्टर, आणि इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील स्त्रीरोग विभागांचे प्रमुख यांना

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तीन एकर कोरडवाहू शेती आहे. त्यात कापूस, सोयाबीन आणि मधात तुरीची तासं. तालुक्याच्या गावी माझ्या मिस्टरांचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. पत्राखाली नाव नाही, कारण ते नाव माझ्या एकटीचं नाही. माझं नाव कळलं की त्यांचं कळतं, आणि मग दुकानात जळलेल्या मोटरी घेऊन येणारे लोक दुसरं दुकान शोधतात. हे आम्ही एकदा भोगलं आहे. बाकी या पत्रात काही लपवलेलं नाही.

माझे मिस्टर एचआयव्ही पॉझिटिव्ह आहेत. मी निगेटिव्ह आहे. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली आणि आम्हाला मूल हवं आहे.

तुमच्यापैकी तिघांकडे आम्ही येऊन गेलो. तिन्ही वेळा पहाटेची पहिली एसटी पकडली, तिन्ही वेळा माझ्या मांडीवर तीच निळी फाईल होती. फाईलमध्ये काय आहे ते आधी सांगते, कारण ती कुणी शेवटपर्यंत वाचलीच नाही. मिस्टरांचे चार वर्षांचे व्हायरल लोडचे, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजण्याचे रिपोर्ट आहेत, आणि चारही रिपोर्टांवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ लिहिलेलं आहे. माझे दर सहा महिन्यांचे एचआयव्ही चाचणीचे कागद आहेत, सगळे ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’. माझी सोनोग्राफी आहे, नळ्या मोकळ्या असल्याचा एक्स-रे आहे. आणि मिस्टरांच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट आहे. त्यात शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला नव्वद लाख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात खालची मर्यादा एक कोटी साठ लाख धरतात. आमची अडचण काय ती एवढीच. दीड वर्ष आम्ही दिवस मोजून प्रयत्न केला, दिवस राहिले नाहीत. जिल्ह्याच्या डॉक्टरबाईंनी हे सगळे कागद पाहून ‘आययूआय करून घ्या’ असं स्वच्छ लिहून दिलं. वीर्य धुऊन, त्यातले चांगले शुक्राणू वेगळे करून गर्भाशयात सोडायचे. रोज कितीतरी जोडप्यांसाठी तुम्ही हे करता.

पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आधी काही उपचार सुरू आहेत का? मी म्हटलं, यांची एआरटी सुरू आहे. ती खूश झाली. तिला वाटलं आम्ही दुसऱ्या एखाद्या टेस्ट ट्यूब सेंटरमधून आलोय. भिंतीवर सरकारी नोंदणीची पाटी होती, तिच्यावरही एआरटी लिहिलेलं होतं. आमच्याकडे खेड्यात एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या. तुमच्याकडे एआरटी म्हणजे मूल होण्याचे उपचार. मी त्या पाटीकडे पाहत बसले. वाटलं, दोन्ही एकाच नावाने ओळखतात, तर आपलं काम इथे होईल.

डॉक्टर चांगले बोलत होते. रिपोर्ट एकेक उलटत होते. एचआयव्हीचा कागद आला आणि त्यांनी फाईल मिटली. ‘आमच्याकडे अशा केसेस घेत नाहीत. वेगळी लॅब लागते.’ एवढंच. दुसऱ्या ठिकाणी भरलेल्या हॉलमध्ये एका कर्मचाऱ्याने ‘ते एचआयव्हीवाले कोण?’ असं ओरडून विचारलं. मिस्टर उठून उभे राहिले. खाली मान घालून नाही, सरळ उभे राहिले. मी मात्र त्या क्षणी बसून राहिले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर म्हणाले, ‘एवढा त्रास कशाला? डोनरचं घ्या, काम सोपं होईल.’ मिस्टर माझ्या शेजारीच बसले होते.

डॉक्टरसाहेब, दात्याचे शुक्राणू घेऊन आईबाप झालेल्या जोडप्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ज्यांना ती वाट हवी त्यांनी ती घ्यावी. पण जिथे बापाचे शुक्राणू आहेत, जिवंत आहेत, चालते आहेत, तिथे केवळ तुमच्या भीतीपायी त्याला बाजूला सारायचं, हा उपचार झाला का? मला याच माणसाचं लेकरू हवं आहे. का, ते सांगते.

ते १९९८ साली जन्मले, आणि जन्मतःच हा विषाणू घेऊन आले. सासरे २००१ मध्ये गेले. सासूबाई २००३ च्या पावसाळ्यात गेल्या. सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात केली, तीही देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत. सासूबाई अजून वर्षभर तगल्या असत्या तर काय झालं असतं, हा हिशेब आमच्या घरात कुणी मोठ्याने करत नाही. लहान मुलांसाठीची औषधयोजना २००६ च्या अखेरीस सुरू झाली. पुढच्या वर्षी आजीने नातवाला नागपूरला नेलं. नऊ वर्षांचं पोर आणि वजन सतरा किलो. आजीला अक्षर येत नाही. गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून तिने चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या. सकाळची रेघ, रात्रीची रेघ. आता घराला चुना लागला आहे, तरी तो कोपरा ती रंगवू देत नाही.

आज ते रात्री झोपताना एक गोळी घेतात. तिच्यात तीन औषधं आहेत, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर. एका ओळखीच्या घरातून स्थळ आलं, पाहण्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा चहाचा कप हातात द्यायच्या आधीच त्यांनी मला गोठ्याजवळ बोलावून सगळं सांगितलं होतं. म्हणाले, ‘हो म्हणायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन समुपदेशकताईंना भेट. माझ्या तोंडचं खरं मानू नको.’ मी मावशीला घेऊन गेले, दोनदा गेले, तिसऱ्या आठवड्यात हो म्हटलं. माझा निर्णय असा पूर्ण माहितीनिशी झाला आहे. म्हणून ‘तुला कळतंय ना तू काय करतेस’ असं जेव्हा तुम्ही मला विचारता, तेव्हा मला कळतंय, असं माझं उत्तर आहे.

आता तुमच्या भीतीबद्दल बोलू. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. एके काळी तिला आधार होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९० मध्ये पॉझिटिव्ह पुरुषाचं वीर्य वापरून गर्भधारणा करू नये असाच सल्ला दिला होता. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉ. ऑगस्टो सेम्प्रिनी यांनी वीर्य धुऊन केलेल्या गर्भधारणांचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांचा विचार सरळ होता. विषाणू असतो तो वीर्यातल्या द्रवात आणि पांढऱ्या पेशींत. खुद्द शुक्राणू हा त्याचं घर नाही. मग नमुना घट्ट द्रावणावर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, द्रव आणि पेशी वर राहिल्या, शुक्राणू तळाशी बसले, ते पुन्हा धुतले, स्वच्छ माध्यमात पोहू दिले आणि जे पोहून वर आले ते घेतले. शेवटी त्या धुतलेल्या भागाची पीसीआर चाचणी करून विषाणू नाही याची खात्री केली. पुढे युरोपातल्या आठ केंद्रांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या. एक हजाराहून जास्त जोडपी, तीन हजारांहून जास्त वेळा केलेले उपचार. त्यातल्या एकाही बाईला लागण झाल्याचं आढळलं नाही.

हे सगळं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असणार. आणि हेही ठाऊक असणार की आययूआय करताना प्रत्येकच जोडप्याचं वीर्य धुतलं जातं. न धुतलेलं वीर्य गर्भाशयात कुणी सोडत नाही. म्हणजे आमच्यासाठी तुम्हाला जगावेगळं काही करायचं नाही. जे करता तेच करायचं आहे. फार तर आमचा नमुना दिवसाच्या शेवटी घ्या, त्यानंतर जागा नेहमीप्रमाणे निर्जंतुक करा. शुक्राणू गोठवून ठेवायचेच नसतील तर वेगळ्या टाकीचा प्रश्न येत नाही. जो नमुना तुम्ही निगेटिव्ह समजून हातात घेता, तो खरोखरच निगेटिव्ह आहे हे तरी कुठे शंभर टक्के माहीत असतं? लागण झाल्यावरचे पहिले काही आठवडे चाचणीत काही दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक नमुना बाधित आहे असं धरून काम करायचं, हा तुमच्याच शिक्षणातला नियम आहे.

उपचार नीट सुरू नसलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याचा धोका हजारात सुमारे तीन असतो. बहात्तर तासांच्या आत औषधं सुरू करून अठ्ठावीस दिवस घेतली तर तोही खूप घटतो. माझ्या मिस्टरांच्या रक्तात चार वर्षांत विषाणू मोजण्याइतकाही सापडलेला नाही.

तो सापडत नाही याचा अर्थ काय, हे मला समजावून सांगितलं ते आमच्या समुपदेशकताईंनी, लग्नानंतर दोन वर्षांनी. तोवर आम्ही निरोध वापरत होतो आणि मूल हा विषय काढतच नव्हतो. ताईंनी टेबलावर कागद ठेवून सांगितलं की २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा मोठा अभ्यास आला. त्यात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी झालं. मग २०१६ मध्ये युरोपातल्या १४ देशांतल्या ८८८ जोडप्यांचा अभ्यास आला. निरोधाशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध आले, आणि विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. मी ताईंना आकडा दोनदा विचारला. मग बाहेर येऊन बसस्टँडवर रडले. आनंदाने रडले की दोन वर्षं वाया गेली म्हणून, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

ही गोष्ट दोन वर्षं आम्हाला कुणीच का सांगितली नाही? गोळ्या घ्यायला आम्ही दर महिन्याला जात होतो. वजन झालं, गोळ्या मोजल्या, खोकला विचारला. मूल हवं का, हे कुणी विचारलं नाही. त्या रांगेत माझ्या वयाच्या कितीतरी बाया असतात. नवरा-बायकोपैकी एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी जोडपी असतात. त्यातल्या बहुतेकांना तुमच्या दवाखान्याची गरजही पडणार नाही. गोळ्या नियमित असतील, सहा महिने तरी व्हायरल लोड दबलेला असेल, दुसरा काही गुप्तरोग नसेल, तर कोणते दिवस धरायचे एवढं सांगितलं तरी पुरेल.

रांगेतल्या एका वहिनीचं सांगते, तिची परवानगी घेऊन. ती पॉझिटिव्ह, नवरा निगेटिव्ह, आणि तेव्हा तिच्या औषधांची घडी नीट बसलेली नव्हती. कुणीतरी तिला ‘ऑपरेशन करून मोकळी हो’ असं सांगितलं होतं. ताईंनी तिला वेगळं सांगितलं. नवऱ्याने स्वच्छ वाटीत वीर्य घ्यायचं, सुई नसलेल्या नव्या सिरिंजने तिने ते घरीच आत सोडायचं, त्यात नवऱ्याला काहीच धोका नाही. मात्र आधी तुझ्या गोळ्या पक्क्या झाल्या पाहिजेत, कारण प्रश्न बाळाचा आहे. आई पॉझिटिव्ह असेल आणि काहीच उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचार नीट असतील तर ती पाच टक्क्यांच्याही खाली येते. तिने आठ महिने एक गोळी चुकवली नाही, मगच प्रयत्न केला. बाळाला जन्मल्यापासून नेव्हिरापिनचं औषध दिलं, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेतलं, पुढेही तपासण्या झाल्या, आणि अठराव्या महिन्यात शेवटचा कागद आला, निगेटिव्ह. मागच्या तान्ह्या पोळ्याला ते पोरगं लाकडी नंदी ओढत गल्लीभर फिरलं. आमच्या दारात आलं तेव्हा आजीने त्याला ओवाळलं आणि बोजारा म्हणून वीस रुपये दिले. मग आत जाऊन फळीवरचा मिस्टरांचा लहानपणचा नंदी पुसत बसली. मला म्हणाली, ‘लेकरू होईन तवा होईन माय, पण तू त्या डाक्टरच्या पायरीवर रडू नको.’

आमच्यासारख्यांना तुमची गरज आहे, कारण आमच्यात आणखी एक अडचण आहे, कमी शुक्राणूंची. ही अडचण एचआयव्ही नसलेल्या पुरुषांनाही असते, आणि त्यांना तुम्ही घेता.

तुमच्यापैकी एकाने विचारलं होतं, उद्या हे गेले तर मूल अनाथ होणार नाही का? तिथे मी गप्प बसले, इथे उत्तर देते. अनाथ होणं काय असतं ते माझ्या मिस्टरांना माहीत आहे. गोळ्या पोचल्या नव्हत्या म्हणून ते अनाथ झाले. आज वेळेत सुरू केलेली आणि न चुकवता घेतलेली गोळी असेल तर पॉझिटिव्ह माणूस जवळजवळ इतरांइतकाच जगतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या या जिल्ह्यात नवरा किती वर्षं जगेल याची हमी मागून मग मूल होऊ द्यायचं ठरवलं, तर कुणाच्या घरी पाळणा हलेल?

कायद्याचं मी शेवटी काढते, कारण कायद्याच्या धाकाने केलेला उपचार मला नको आहे. पण तो तुम्हाला माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पॉझिटिव्ह माणसाच्या लग्नाच्या हक्कावरच बंधन आणणारी टिप्पणी केली होती, ती त्याच न्यायालयाने २००२ मध्ये बाजूला केली. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा अन्यायाने वागवणं त्यात मना आहे, आणि हे खासगी दवाखान्यांनाही लागू आहे. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करणंही मना आहे. भरल्या हॉलमध्ये ओरडणं त्यातच येतं. तक्रार ऐकायला राज्याने लोकपाल नेमायचा आहे. आणि तुमच्या पाटीवरचा, मूल होण्याच्या उपचारांचा २०२१ चा एआरटी कायदा मी समुपदेशकताईंकडून वाचून घेतला. पॉझिटिव्ह जोडप्याला स्वतःच्याच बीजांनी उपचार देऊ नका, असं त्यात कुठे लिहिलेलं आम्हाला सापडलं नाही. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ हवं, ते आमचं आहे.

पैशाचंही सांगते. एका ठिकाणी आम्हाला सरळ टेस्ट ट्यूब बेबीचा दीड लाखाच्या वरचा आकडा सांगितला, ‘विशेष खबरदारी’चे पैसे वेगळे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तोही मिळाला नाही. दीड लाख म्हणजे तीस क्विंटलांवर सोयाबीन. आमच्या तीन एकरात पाऊस चांगला झाला तरी तेवढं एका हंगामात होत नाही. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हे उपचार मोफत सुरू झाले. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विभागप्रमुखांना माझी वेगळी विनंती आहे. एचआयव्हीच्या औषधांचं एआरटी केंद्र तुमच्याच आवारात असतं. तिथून तुमच्या ओपीडीपर्यंत चालत पाच मिनिटं लागत असतील. आययूआयला लागतो एक सेंट्रिफ्यूज, एक इन्क्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक, शिकलेला हात आणि नोंदणी. अख्ख्या विदर्भात एक खोली अशी असू द्या, जिथे आमच्यासारखं जोडपं चिठ्ठी घेऊन आलं तर फाईल मिटली जाणार नाही. सिरोंच्याहून नागपूरला यायचं तर जाण्यातच दिवस जातो. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका.

आणि खासगी डॉक्टरांनो, तुमच्यापैकी काही जण आमच्यासारख्यांना घेत असतीलही. मग ते कळू द्या. पाटी लावा असं मी म्हणत नाही, पाटीने आमचीच पंचाईत होईल. जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयाच्या समुपदेशकांकडे तुमचं नाव आणि खर्चाचा खरा आकडा देऊन ठेवा. ताई आमच्या कानात सांगतील. हे जमणार नसेल तर का जमणार नाही ते कागदावर लिहून द्या. मला तीन दवाखान्यांतून तोंडी नकार मिळाला, लेखी एकानेही दिला नाही.

आमच्या हातात पैसा कापसाची पहिली वेचणी झाल्यावर येतो, म्हणजे दिवाळीच्या आसपास. व्हायरल लोडची पुढची तपासणी त्याआधी होईल, तो कागदही फाईलला जोडते. तुमच्यापैकी ज्यांची तयारी असेल त्यांनी एआरटी केंद्राला एवढंच कळवावं, की आम्ही कोणत्या वारी आणि किती वाजता यावं. पहाटेची एसटी साडेपाचला आहे, नागपूरला दहापर्यंत पोचतो.

आपली विश्वासू,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी बाई